पहिला न येता जिंकण्याचा खेळ

२०१७ साली ख्रिस फ्रूमने टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हा एकवीस टप्प्यांपैकी एकाही टप्प्यात तो पहिला आला नव्हता. २०१९ साली कोलंबियाच्या बावीस वर्षांच्या एगन बेर्नालचेही तसेच. १९९० साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडचेही तसेच. रोज कोणी तरी दुसराच शेवटची रेषा आधी ओलांडत होता, व्यासपीठावर चढून फुले घेत होता, आणि शेवटच्या रविवारी पॅरिसमध्ये पिवळी जर्सी मात्र यांच्या अंगावर होती. क्रिकेट आणि फुटबॉलवर वाढलेल्या माणसाला हे चटकन पचत नाही. एकही सामना न जिंकता विश्वचषक कसा मिळतो?

हिशेब तसा सरळ आहे. टप्प्यांच्या शर्यतीत रोज लागलेला वेळ मिळवत जातात. अखेरीस ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. पहिल्या तिघांना बहुतेक टप्प्यांवर १०, ६ आणि ४ सेकंदांची सूट मिळते, तेवढा एक अपवाद. एवढे कळले की शर्यत कळली असे वाटते, आणि तिथेच फसगत होते. बेरीज एकट्याची असली तरी ती कमी राखायला आठजणांचा संघ राबतो, आणि त्या आठांतल्या सातांना आपण जिंकणार नाही हे पहिल्या दिवशीच ठाऊक असते. पगार घेऊन, हाडे मोडून घेऊन, तीन आठवडे आणि सुमारे ३,४०० किलोमीटर ते दुसऱ्याच्या विजयासाठी सायकल चालवतात. हे पुस्तक त्या सातांच्या बाजूने लिहिले आहे. विजेत्यांची चरित्रे जगात भरपूर आहेत, आणि त्यांतली बरीच विजेत्यांनी स्वतःच लिहवून घेतलेली आहेत.

गोव्यातल्या पेडण्यात बसून फ्रान्स-इटलीच्या शर्यतींवर मराठीत लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. सायकल म्हटली की आमच्याकडे अजून सकाळी पोंपों वाजवत येणारा पाववाला, पोदेर, आठवतो. शर्यतीची सायकल दिसते ती पहाटे हेल्मेट घालून मोपाच्या विमानतळाकडच्या रुंद रस्त्यावर सराव करणाऱ्या हौशी मंडळींची. पण या तालुक्याचा भूगोल असा आहे की युरोपातला आयोजक नकाशा डोळ्यांसमोर ठेवून जे जे एका दिवसात कोंबू पाहतो, ते इथे आपसूक ओळीने मांडलेले आहे: समुद्र, खाडीकाठ, अरुंद गावरस्ते, उघडा सडा आणि पूर्वेला घाट. म्हणून व्याख्या देत बसण्यापेक्षा इथलाच एक टप्पा आखून बघू. असा टप्पा कधी झालेला नाही. तो फक्त कागदावर आहे.

समजा, थंडीच्या दिवसांत दुपारी हरमलहून शर्यत सुटली. दीडशेच्या वर सायकलपटू, वीस-बावीस संघ. मांद्रे, आश्वे, मोरजी या किनाऱ्याच्या रस्त्यावर माडांच्या सावलीत पहिल्या काही किलोमीटरांतच चार-पाचजण सुसाट पुढे निघतील. पाहणाऱ्याला वाटेल, हेच आजचे वीर. बहुधा ते तसे नसतात. ते लहान संघांचे नोकर असतात. घाटात आपला निभाव लागणार नाही हे त्यांना माहीत असते, पण दोन-तीन तास पुढे राहिले की कॅमेरा त्यांच्यावर राहतो आणि छातीवरचे प्रायोजकाचे नाव घरोघरी दिसते. मांद्रे बाजारात मधल्या स्प्रिंटचे गुण ठेवलेले असतील, ते गोळा करायलाही त्यांतला एखादा निघालेला असतो. मागचा मोठा जथा, ज्याला फ्रेंचमध्ये पेलोटॉन म्हणतात आणि आता सगळे जगच म्हणते, त्यांना खुशाल जाऊ देतो. रॉबेर शापात्त या सायकलपटूने पुढे टीव्हीवर समालोचन करताना एक ठोकताळा सांगितला होता: जथ्याने मनावर घेतले तर दर दहा किलोमीटरला एक मिनिट भरून निघते. संघांच्या गाड्यांत बसलेले व्यवस्थापक आजही हाच गुणाकार करतात. पुढच्यांना पाच मिनिटे दिली, म्हणजे पन्नास किलोमीटर उरले की पाठलाग सुरू. पळालेले पकडले जातात ते नेमके शेवटी, आणि तेव्हा घरी बसलेल्या प्रेक्षकाला हळहळ वाटते. कधी मधी हिशेब चुकतो आणि त्यांतला एक जिंकतो. त्या एका दिवसावर त्याची पुढची दोन वर्षांची नोकरी पक्की होते.

मोठा जथा इतका निवांत का असतो? वाऱ्यामुळे. सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिले तर मेहनतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाचतो, जथ्याच्या पोटात शिरले तर त्याहूनही अधिक. म्हणून संघाचा नायक सुरुवातीपासून कोणाच्या तरी पाठीमागे लपलेला असतो. त्याच्या पुढे त्याचाच माणूस छाती उघडी टाकून वारा खात असतो. तो दमला की दुसरा. नायकाने दिवसभरात वाचवलेली ही ताकद शेवटच्या अर्ध्या तासात खर्च होते, आणि वर्तमानपत्रात छापून येतो तो तेवढाच अर्धा तास.

चोपड्याहून आगरवाडा, पार्से, तुये करत पेडण्याकडे येणारा रस्ता आपल्याला सुंदर वाटतो. सायकलपटूंच्या अंगावर काटा येईल. वळणे, अरुंद पूल, कुंपणाच्या चिरेबंदी भिंती, आणि कोणत्या क्षणी कोणता कुत्रा रस्ता ओलांडील याचा नेम नाही. अशा जागी जथ्याच्या मागच्या भागात असणे म्हणजे पडणाऱ्यांच्या ढिगावर जाऊन आपटणे. म्हणून सगळ्याच संघांना एकाच वेळी पुढे यायचे असते आणि रस्ता मात्र दोन मोटारींचा. युरोपात पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक पडझडी अशाच होतात: घाटात नव्हे, सपाटीवर, गावाच्या तोंडाशी.

मालप्याला हमरस्ता लागतो आणि उत्तरेकडे तोरशाचा सडा उघडा पडतो. दुपारी समुद्रावरून येणारा वारा इथे डावीकडून थेट अंगावर येतो. समोरून येणाऱ्या वाऱ्यात मागच्या सगळ्यांना आडोसा मिळतो, पण बाजूचा वारा कारस्थानाला सोयीचा असतो. आडोसा आता मागच्या चाकामागे नसतो, मागे आणि थोडा उजवीकडे असतो. मग पुढचा सायकलपटू रस्त्याच्या डाव्या कडेला जातो, दुसरा त्याच्या उजव्या खांद्यामागे, तिसरा त्याच्या, अशी तिरकी पंगत रस्ताभर पसरते. रस्ता संपला की पंगतीतली जागाही संपली. ज्याला जागा मिळाली नाही तो उजव्या कडेला उघड्या वाऱ्यात लोंबकळत राहतो आणि पाच मिनिटांत तुटतो. एखाद्या धूर्त संघाने पत्रादेवीच्या अलीकडे अचानक वेग वाढवला तर जथ्याची तीन-चार शकले होतील, आणि मागच्या शकलात अडकलेल्या नायकाची तीन आठवड्यांची तयारी इथेच, एकही चढ न लागता, धुळीला मिळेल. बेल्जियम आणि हॉलंडचे सायकलपटू ही विद्या लहानपणापासून शिकतात, कारण त्यांच्याकडे डोंगर नाहीत, वारा आहे.

बांद्यात खाणे. संघाचे मदतनीस रस्त्याकडेला कापडी झोळ्या लांब धरून उभे राहतात, सायकलपटू वेग न मोडता त्या हिसकून घेतात: भाताच्या वड्या, साखरेचे चिकट जेल, केळे, कोकचा छोटा डबा. पाणी संपले तर कोणी तरी मागे संघाच्या गाडीपर्यंत जातो, सात-आठ बाटल्या जर्सीत पाठीवर कोंबतो आणि मग स्वतःच्या पायांनी पुन्हा सगळा जथा ओलांडत पुढे येऊन एकेकाला बाटली देतो. हा पाणक्या. आवाक्याबाहेरच्या श्रमांचे हे काम दिवसातून पाच-सहा वेळा करणारा माणूस अंतिम यादीत शंभराच्या खाली कुठे तरी सापडतो.

इन्सुलीचा छोटा घाट ही नुसती चुणूक. सावंतवाडी मागे पडली, दाणोली आली की खरा निकाल सुरू होतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर. पिरनीज पर्वतातला तूर्माले २,११५ मीटरवर आहे, हे लक्षात ठेवून आपला अभिमान जरा आवरता घ्यावा; पण रीत दोन्हीकडे तीच. घाटात वेग कमी होतो, वाऱ्याचा आडोसा फारसा उरत नाही, गुरुत्वाकर्षण उरते. नायकाचे साथीदार एकामागून एक पुढे येतात, प्रत्येकजण आपल्याकडे असेल नसेल तेवढे पाच-सात मिनिटांत जाळतो आणि रस्त्याच्या कडेला होतो. धबधब्याच्या वळणापर्यंत नायक आणि त्याचा शेवटचा साथीदार, एवढेच उरतात. मग तोही बाजूला होतो. पुढे काय होते ते टीव्हीवर दिसते.

टीव्हीवर न दिसणारा भाग त्यानंतरचा. घाटात बाजूला झालेले, आधी पाणी वाहिलेले, जाडजूड मांड्यांचे वेगवान स्प्रिंटर, पडून कोपर सोललेले, असे पन्नास-साठजण मागे एकत्र जमतात. त्यांच्यात आता संघ नाहीत, वैर नाही. विजेत्याच्या वेळेनंतर ठरावीक टक्के वेळेत पोचले नाही तर शर्यतीतून नाव कटते, म्हणून कोणी तरी अनुभवी माणूस मनातल्या मनात वेळ मोजत सगळ्यांना सारख्या गतीने वर आणतो. टूर द फ्रान्समध्ये ३५ टप्पे जिंकून २०२४ साली एडी मर्क्सचा विक्रम मोडणारा मार्क कॅव्हेंडिश घाटांत याच घोळक्यात असे, आणि २०१८ साली या वेळमर्यादेनेच त्याला घरी पाठवले होते. आमच्या काल्पनिक टप्प्यात ही मंडळी अर्ध्या तासाने आंबोलीत पोचतील, तोवर पेढे वाटून झालेले असतील.

आणि हे सगळे एका दिवसाचे. संध्याकाळी सायकली, यंत्रे, मालिशवाले, स्वयंपाकी, सगळे गाड्यांत भरून पुढच्या गावी. जत्रांच्या हंगामात दशावतारी कंपनी जशी रात्रभर नाटक करून पहाटे पेटारे भरते आणि दुसऱ्या गावच्या देवळापुढे पुन्हा उभी राहते, तसाच हा संसार. फरक इतकाच की स्काय संघाने तर आपल्या सायकलपटूंच्या गाद्यासुद्धा हॉटेलाहून हॉटेलात नेल्या. त्याची तेव्हा थट्टा झाली. पण एकविसाव्या दिवशी जो इतरांपेक्षा अर्धा तास जास्त झोपलेला असतो तो जिंकतो, हे सायकलीतल्या जुन्या लोकांना आधीपासून माहीत होते.

या खेळाचा जन्म खेळातून झालेला नाही, वर्तमानपत्राचा खप वाढवण्यातून झाला आहे. पॅरिसच्या 'लोतो' या क्रीडादैनिकाला एका प्रतिस्पर्धी दैनिकाने जेरीस आणले होते. संपादक आंरी देग्रांज याला त्याच्या कचेरीतल्या जेओ लफेव्र या तरुण वार्ताहराने कल्पना दिली: फ्रान्सभर फिरणारी शर्यत भरवू. १ जुलै १९०३ रोजी ६० जण निघाले. टप्पे अवघे सहा, पण एकूण अंतर २,४२८ किलोमीटर. म्हणजे एकेक टप्पा सरासरी ४०० किलोमीटरांचा, रात्रीच्या अंधारातही चालवायचा. २१ जण पोचले. जिंकला मॉरिस गारँ, जो कधी काळी धुराडी साफ करायचा. शेवटचा आला तो गारँच्या ६४ तास मागून. दुसऱ्याच वर्षी गारँसह पहिले चौघे लबाडीपायी बाद झाले आणि विजेतेपद एकोणीस वर्षांच्या आंरी कोर्नेला मिळाले. शर्यतीचे वय दोन वर्षे, आणि घोटाळा हजर! 'लोतो'चा कागद पिवळा, म्हणून १९१९ पासून आघाडीवरच्याची जर्सी पिवळी. इटलीत 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' या दैनिकाने १९०९ साली जिरो द'इतालिया सुरू केली. त्याचा कागद गुलाबी, म्हणून तिथली जर्सी गुलाबी. स्पेनची व्हुएल्ता १९३५ ची, तीही एका वर्तमानपत्राचीच. मराठी वर्तमानपत्रांनी आजवर हे का केले नाही, हा प्रश्न मी संपादकांवर सोडतो.

देग्रांज हा माणूस विलक्षण कठोर. सायकलपटूने कोणाचीही मदत घ्यायची नाही, हा त्याचा हट्ट. १९१३ साली तूर्मालेच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. तो सायकल उचलून कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावी उतरला, लोहाराच्या भट्टीवर उभा राहिला आणि पंचांच्या देखत स्वतःच्या हातांनी लोखंड तापवून चिमटा जोडला. त्याचे दोन्ही हात कामात होते, म्हणून भट्टीचा भाता एका पोराने ओढला. झाले! बाहेरची मदत घेतली म्हणून दंडाची मिनिटे चढवली गेली. ही गोष्ट आज सायकलपटूच्या जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती संयोजकाच्या निर्दयपणाची वाटते. गिअर बदलणारे यंत्र वापरायला टूरमध्ये १९३७ साली परवानगी मिळाली, तोवर चढासाठी चाक काढून उलटे बसवावे लागे. यावरून देग्रांजच्या कल्पनेतला सायकलपटू कसा असेल ते ओळखता येईल.

एकट्याच्या पराक्रमाचा हा आदर्श टिकला नाही, कारण रस्त्यावरचे वास्तव वेगळे होते. १९३४ साली वीस वर्षांचा रने व्हिएत्तो डोंगरात सगळ्यांना भारी पडत होता. संघाचा नायक होता आंतोनँ मान्य, अंगावर पिवळी जर्सी. मान्यचे चाक मोडले तेव्हा व्हिएत्तोने आपले काढून दिले आणि रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून राहिला. त्याचे रडवेले छायाचित्र फ्रान्सभर छापले गेले. दुसऱ्या दिवशी मान्य पुन्हा अडचणीत आला. पुढे गेलेला व्हिएत्तो उलटा फिरला, आलेला रस्ता पुन्हा चढून मागे गेला आणि सायकल देऊन मोकळा झाला. मान्यने ती टूर जिंकली. व्हिएत्तोने कधीच जिंकली नाही.

ही पद्धत न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. पण तिला हुकूमशाही म्हणून झटकून टाकणेही सोपे नाही, कारण कधी कधी चक्र उलटे फिरते. २०२३ च्या व्हुएल्तात यम्बो-व्हिस्मा संघाकडे दोन नायक होते, प्रिमोझ रोग्लिच आणि योनास व्हिंगेगो. त्या वर्षीची जिरो पहिल्याने जिंकलेली, टूर दुसऱ्याने. दोन्ही शर्यतींत त्यांच्यासाठी घाट ओढत नेला होता सेप कस या अमेरिकी सहायकाने. व्हुएल्तात सुरुवातीच्या एका पळापळीत कसला वेळेची आघाडी मिळाली आणि आघाडीवरच्याची लाल जर्सी त्याच्या अंगावर आली. मग काही दिवस नायकांनी आपल्याच सहायकावर हल्ले चढवले, बाहेर आरडाओरडा झाला, आणि अखेर संघाने ठरवले की या वेळी कसला जिंकू द्यायचे. माद्रिदमध्ये पहिला कस, दुसरा व्हिंगेगो, तिसरा रोग्लिच. एकाच वर्षात तिन्ही मोठ्या शर्यती पुऱ्या करून त्यांतली शेवटची पाणक्याने जिंकावी, ही गोष्ट व्हिएत्तोला ऐकवायला हवी होती.

उत्तेजक द्रव्यांबद्दल लिहिल्याशिवाय या विषयाला कोणी हात लावू नये. १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतूच्या उघड्या डोंगरावर टॉम सिम्प्सन हा सायकलपटू कोसळून मेला. शरीरात ॲम्फेटामीन सापडले. १९९८ साली फेस्तिना संघाच्या गाडीत औषधांचा साठाच पकडला गेला. आणि २०१२ साली लान्स आर्मस्ट्राँगची टूरची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. त्या सात वर्षांच्या रकान्यात आज विजेताच नाही. मराठीत हा खेळ लोकांना ठाऊक झाला तो प्रामुख्याने आर्मस्ट्राँगच्या आत्मचरित्रामुळे आणि मग त्याच्या पतनामुळे, हे आपले दुर्दैव. संशय आता कायमचा आहे, तो राहावाही. पण सगळेच चोर म्हणून पाठ फिरवणाऱ्याला एवढेच सांगतो की त्या काळात इंजेक्शन नाकारून पोटाला चिमटा घेणारेही होते, आणि तेही याच सातांपैकी.

स्त्रियांची कथा वेगळ्या पुस्तकाची आहे. १९२४ च्या जिरोत आल्फोन्सिना स्त्रादा ही एकटी बाई पुरुषांबरोबर उतरली होती. त्यानंतर स्त्रियांच्या शर्यती आल्या आणि पैशांअभावी बंद पडत राहिल्या. आजची टूर द फ्रान्स फाम २०२२ साली सुरू झाली, आणि २०२४ साली पोलंडच्या कासिया निव्हियादोमाने ती आठ टप्प्यांनंतर अवघ्या ४ सेकंदांनी जिंकली. एवढी चुरस पुरुषांच्या टूरला सव्वाशे वर्षांत साधलेली नाही. तिथला विक्रम १९८९ चा, लेमाँडचा, ८ सेकंदांचा.

आता आपल्याकडे येऊ. मुंबई-पुणे सायकल शर्यत ही महाराष्ट्राची जुनी ओळख. ती कधी भरली, कधी बंद पडली, पुन्हा भरली. पण बोरघाट आधी चढणाऱ्याला मिळणारा 'घाटाचा राजा' हा किताब लोकांच्या तोंडी राहिला. टूर द फ्रान्समध्ये १९७५ पासून लाल ठिपक्यांची जर्सी ज्या मानासाठी देतात, तोच हा मान. पण ती एका दिवसाची शर्यत. अनेक टप्प्यांची, आंतरराष्ट्रीय दर्जाची शर्यत महाराष्ट्राने पाहिली ती अगदी अलीकडे: १९ ते २३ जानेवारी २०२६, पुणे ग्रँड टूर. आधी शहरात छोटी वेळेविरुद्धची फेरी, मग चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर. बोधचिन्ह शेकरू. जागतिक सायकल संघटनेच्या यादीत तिचा वर्ग २.२, पहिला आकडा अनेक दिवसांच्या शर्यतीचा, दुसरा दर्जाचा. टूर द फ्रान्स त्याच शिडीच्या वरच्या टोकाला आहे, ही खालची पायरी. खालची असली तरी शिडीचीच. जिल्ह्यातले रस्ते नव्याने डांबरले गेले, शाळेतली मुले कडेला झेंडे घेऊन उभी राहिली, आणि निकालपत्रकाच्या वरच्या ओळींत परदेशी नावे आली. यात रडण्यासारखे काही नाही.

कारण दुसरीकडेही हे असेच सुरू झाले. कोलंबियाने १९५१ साली स्वतःची टप्प्यांची शर्यत सुरू केली, टूर द फ्रान्समध्ये त्यांचा संघ गेला १९८३ साली. पुढच्याच वर्षी लुचो एरेराने आल्प द्युएझचा टप्पा जिंकला, १९८७ साली व्हुएल्ता. पिवळी जर्सी पॅरिसपर्यंत टिकायला २०१९ उजाडावे लागले. एरिट्रियात शर्यतीची चटक वसाहतकार इटालियनांनी लावली. २०२४ साली तिथल्या बिनियाम गिर्मायने टूरचे तीन टप्पे आणि गुणांची हिरवी जर्सी जिंकली. रवांडाने आपली शर्यत वर्षानुवर्षे नेटाने चालवली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा आफ्रिकेत, किगालीत भरली. आधी घरची शर्यत, मग घरचे सायकलपटू.

गोव्याचा विचार करताना मला पोर्तुगाल आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे १९२७ पासून देशभर फिरणारी व्होल्टा चालू आहे. त्यांचा सर्वांत मोठा सायकलपटू ज्वाकीं आगुश्तीन्यु हा मोझांबिकच्या वसाहतयुद्धात सैनिक होता. १९७८ आणि १९७९ साली तो टूरमध्ये तिसरा आला. १९८४ च्या व्होल्टा आव आल्गार्व्हमध्ये पिवळी जर्सी अंगावर असताना एक कुत्रा आडवा आला, तो पडला, उठून साथीदारांच्या आधाराने रेषा ओलांडली आणि दहा दिवसांनी गेला. साडेचारशे वर्षांच्या सत्तेने आम्हाला पाव दिला. सायकलीची व्होल्टा काही बोटीतून उतरली नाही. गोव्यात आज सहनशक्तीच्या खेळाचे मोठे नाव आहे ते २०१९ पासून पणजीत मिरामारला भरणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ चे, ज्यात ९० किलोमीटर सायकल असते. तिथे दुसऱ्याच्या मागे आडोशाला बसणे हा गुन्हा. म्हणजे आपण इथे जो खेळ समजून घेतोय त्याच्या अगदी उलटा.

आणि माझा मुद्दा इथेच येऊन थांबतो. मराठी माणसाने सायकलीवर अचाट कामे केलेली आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात अमेरिका आडवी पार करणारी रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली तीच शर्यत एकट्याने पुरी करून आले आणि पुढच्या वर्षी सायबेरियाची ९,००० किलोमीटरांहून लांब शर्यत. पुण्याहून निघून गोव्यात संपणारी डेक्कन क्लिफहँगर, ६४३ किलोमीटर, हौशी लोक नोकरी सांभाळून करतात. हे सगळे थोर आहे. पण हे एकट्याचे पराक्रम आहेत, आणि एकट्याचा पराक्रम रजा काढून, बचत मोडून, घरच्यांना मनवून करता येतो. टप्प्यांची शर्यत तशी करता येत नाही. तिला आठजणांचा पगारी संघ लागतो, वर्षाला साठ-सत्तर दिवसांच्या शर्यती लागतात, आणि आपल्या लेकाचे नाव कधीच पेपरात येणार नाही हे मान्य करून त्याला तिथे पाठवणारे आईबाप लागतात. भारतात रस्त्यावरच्या सायकलपटूला पोटापाण्याचा आधार आहे तो रेल्वेचा किंवा सैन्यदलाचा. टूर द फ्रान्समध्ये आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. पायांत ताकद नाही म्हणून नव्हे. वीरांना हार घालायला आपण तयार असतो, पाणक्याला पगार द्यायला कोणी तयार नसतो, म्हणून.

पुढच्या प्रकरणांत शर्यतीचे नियम, जर्सी, घाटांचे वर्ग, संघांचे अर्थकारण हे सगळे क्रमाने येईल. ते वाचताना जवळचा नकाशा उघडा ठेवावा. डिचोलीच्या वाचकाने हवे तर आंबोलीऐवजी साखळीहून केरीमार्गे चोर्ल्याचा टप्पा आखावा. खनिजाचे ट्रक मनातल्या मनात बाजूला करता आले तर तो घाटही कमी नाही.

एक विनंती. जुलैत बाहेर पाऊस कोसळत असतो, आणि टूरचे प्रक्षेपण आपल्याकडे संध्याकाळी येते, रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत संपते. पहिल्या दिवशी संघांची यादी काढा, त्यात ज्याचे नाव कधी ऐकले नाही असा एखादा सहायक निवडा आणि तीन आठवडे फक्त त्याच्यावर नजर ठेवा. कोण जिंकले ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचता येईल.